विद्यार्थी असताना वाढवलेले खाते : आपापले अनुभव लिहा

छत्रपती संभाजीनगर, एम. ए. (इतिहास)

पदवीच्या पहिल्या वर्षाला असताना, म्हणजे २०२२ साली, मी मराठवाड्यातील जुन्या वास्तूंविषयी इन्स्टाग्रामवर एक खाते सुरू केले. परवा प्रबंधिकेसाठी छायाचित्रे शोधताना त्यावरच्या सुरुवातीच्या दहा-बारा रील्स पुन्हा पाहिल्या आणि संकोच वाटला. सगळ्या वेरूळच्या होत्या. तेच कैलास लेणे, डोंगरावरून घेतलेला तोच कोन, आणि ‘आधी कळस, मग पाया’ हे एकच वाक्य, जे सहलीला आलेला चौथीचा मुलगाही सांगतो. सहा महिन्यांत चारशे फॉलोअर्स झाले, त्यांतले निम्मे वर्गातले आणि नात्यातले.

खाते हलले ते परभणी जिल्ह्यातील सेलू तालुक्यात असलेल्या वालूरच्या चक्राकार बारवेमुळे, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरीमुळे. तिथल्या पायऱ्या सरळ न उतरता गोल फिरत पाण्याकडे जातात. मोबाइल छातीशी धरून एकेक पायरी उतरत मी चित्रीकरण केले. मध्ये पाय घसरला, तेव्हा तोंडून निघालेले ‘अगं बाई’ कापायचे राहून गेले, आणि बहुतेक त्यामुळेच लोक थांबले. दोन लाखांहून अधिक लोकांनी ते पाहिले. मला मात्र त्या आकड्यापेक्षा खालच्या प्रतिक्रिया मोलाच्या ठरल्या, कारण ‘आमच्याही गावात अशी बारव आहे, पण कचऱ्याने बुजली आहे’ असे सांगत लोक छायाचित्रे पाठवू लागले. मी दोनशेपानी वहीत गाव, तालुका, सध्याची स्थिती अशी नोंद ठेवत गेले. आज त्या वहीत ६३ बारवा आहेत आणि माझ्या प्रबंधिकेचा विषय त्यातूनच निघाला. खर्ची काय पडले, तर एका सत्राचे गुण, आणि सुरुवातीला थोडी अब्रूही; कारण पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षित स्थळी ट्रायपॉड लावायला परवानगी लागते हे मला पहारेकऱ्याने सगळ्यांसमोर सांगितल्यावर कळले.

आकडा वाढला तेव्हा तुमचे नेमके काय वाढले आणि काय खर्ची पडले, एवढेच विचारायचे आहे. शक्यतो शिकत असतानाचेच लिहावे.

लातूर, सध्या बी. एस्सी. नर्सिंग

मी नीटच्या, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या, रिपीटर बॅचला होते. जीवशास्त्राचे ९० प्रश्न मुख्यतः एनसीईआरटीच्या पाठ्यपुस्तकाच्या ओळीओळीवर बेतलेले असतात, म्हणून आमच्याकडे ते पुस्तक अक्षरशः पाठ करतात. त्याच्या रंगीत टिपणांची पाने मी खात्यावर टाकू लागले आणि आठ महिन्यांत अकरा हजार मुले जोडली गेली. यातली गोम अशी की प्रत्येक पान मी दोनदा लिहीत असे: एकदा अभ्यासासाठी, खाडाखोडीसह, आणि दुसऱ्यांदा कॅमेऱ्यासाठी, पाच रंगांच्या पेनांनी, एकही डाग न पडू देता. रात्री मेसचा डबा थंड होईस्तोवर मी हृदयाच्या आकृतीत निळा-लाल रंग भरत बसे आणि त्या वेळेला अभ्यासाचे तास म्हणून वेळापत्रकात मांडत असे. परीक्षेत ७२० पैकी ३८४ गुण आले. खात्यावर ‘ताई, तुमचा स्कोअर सांगा ना’ असे शेकडो संदेश आले आणि मी तीन आठवडे ते उघडलेच नाहीत. शेवटी गुण खरे लिहिले. त्या दिवशी चारशे जण सोडून गेले, आणि एका मुलीने ‘माझेही एवढेच आहेत’ एवढेच लिहिले. तिच्याशी आजही बोलणे होते.

परभणी, बी. एस्सी. (कृषी), अंतिम वर्ष

माझे यूट्यूब चॅनेल सोयाबीन आणि कपाशीविषयी आहे. लांब व्हिडिओंवर जाहिरातींची कमाई सुरू व्हायला एक हजार सदस्य आणि बारा महिन्यांत चार हजार तासांचे प्रेक्षण लागते. मला ते गाठायला दीड वर्ष लागले. खात्यात दहा डॉलर जमल्यावर पत्त्याची खातरजमा करण्यासाठी गूगलकडून सहा आकडी पिन टपालाने येतो. पोस्टमनकाका ते पाकीट पारावर देऊन गेले आणि वडिलांना वाटले, पीककर्जाची नोटीस आली. त्यांनी ते न फोडता देवघरात ठेवले आणि मी शनिवारी घरी येईपर्यंत घरात कोणी धड जेवले नाही. पुढे शंभर डॉलर भरल्यावर पहिली रक्कम बँकेत आली, साधारण साडेआठ हजार रुपये, तेव्हा वडील म्हणाले, “कागद दाखव, मगच खरं मानतो.”

पण लिहायचे आहे ते दुसरेच. एका शेतकरी मामांनी सोयाबीनच्या पिवळ्या पानांचा फोटो पाठवला. मी दुसऱ्या वर्षाला होतो, नुकताच ‘पिवळा मोझॅक’ शिकलो होतो आणि उत्तर लगेच दिले की लोक चॅनेलला मानतात, हेही शिकलो होतो. मोझॅक पांढऱ्या माशीमुळे पसरतो, म्हणून मी व्हिडिओ करून कीटकनाशक सुचवले. मामांनी तीन एकरांवर फवारणी केली. पंधरा दिवसांनी मी तोच फोटो आमच्या सरांना दाखवला, तेव्हा त्यांनी बोट ठेवून विचारले, “शिरा कोणत्या रंगाच्या आहेत?” शिरा हिरव्या होत्या, मधला भाग एकसारखा पिवळा होता आणि तोही शेंड्याच्या कोवळ्या पानांवर; म्हणजे ती चुनखडीच्या जमिनीतली लोहाची कमतरता होती. मोझॅकमध्ये पानावर हिरवे-पिवळे वेडेवाकडे चट्टे पडतात. मामांचे औषध आणि मजुरी दोन्ही पाण्यात गेले. मी त्यांना फोन करून चूक सांगितली. ते रागावले नाहीत, आणि तेच मला जास्त लागले. त्या व्हिडिओला तोवर चाळीस हजार लोकांनी पाहिले होते. तो काढून टाकावा की वर दुरुस्ती लिहावी यावर मी दोन रात्री घालवल्या. शेवटी दोन्ही पाने हातात धरून नवा व्हिडिओ केला, जुना काढला, आणि आता फोटोवरून औषधाचे नाव सांगत नाही. गावच्या कृषी सहायकांना पान दाखवायला सांगतो. त्यामुळे चॅनेलची वाढ मंदावली आहे, हे मान्य करतो.

बीड, बी. ए., द्वितीय वर्ष

परभणीच्या दादांचे वाचून लिहायचे धैर्य झाले. माझे आई-वडील ऊसतोडीला जातात. दिवाळीनंतर फडाजवळच्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येतात. मी वसतिगृहात असते. गेल्या हंगामात चार दिवस त्यांच्याकडे राहिले, तेव्हा पहाटे चारला चुलीपुढे भाकरी थापणारी आई मी मोबाइलवर टिपली. तिने वळून पाहिले आणि म्हणाली, “पाठमोरी घे गं, तोंड नको.” मी पाठमोरीच घेतली होती, पण शेवटच्या तीन सेकंदांत ती वळली होती आणि विस्तवाच्या उजेडात तिचा चेहरा इतका सुंदर दिसत होता की मी ते तुकडे ठेवले.

त्या रीलने माझे साडेसहाशेचे खाते एका आठवड्यात एकोणीस हजारांवर नेले. लोकांनी हात जोडले, डोळे पुसले, काहींनी पैसे पाठवण्यासाठी क्रमांक मागितला. वर्गातल्या ज्या मुली कधी बोलत नव्हत्या त्या बोलू लागल्या. इकडे ऊसतोड टोळीच्या मुकादमाच्या मोबाइलवर ती रील पोहोचली आणि त्याने टोळीसमोर वडिलांना विचारले, “आमची बदनामी करायलीय का पोरगी?” मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, अंगावर असलेला माणूस अशा वेळी काय बोलणार? वडिलांनी मला ते सांगितलेसुद्धा नाही. मला धाकट्या भावाकडून कळले.

मी रील काढली आणि आईला फोन केला. ती ओरडेल असे वाटले होते. तिने विचारले, “किती लोकांनी पाहिलं?” मी सांगितले, पावणेतीन लाख. बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, “डोक्यावर पदर होता ना माझ्या?” होता. त्यानंतर मी कोपीचे काही टाकले नाही. आता आईच्या जात्यावरच्या ओव्या टाकते, फक्त आवाज, आणि पडद्यावर जात्याचा खुंटा धरलेले हात. प्रत्येक ओवी टाकण्याआधी तिला फोनवरून ऐकवते. दोन ओव्या तिने टाकू दिल्या नाहीत, कारण त्यांत आत्याच्या सासरचा उल्लेख आहे. एकोणीस हजारांतले निम्मेअधिक लोक गप्प झाले आहेत. ओव्यांखाली मात्र बाया आपापल्या गावच्या ओव्या लिहितात, आणि आई त्या मला वाचून दाखवायला लावते.

जालना, बी. कॉम.

आमचे पान बोलीतल्या विनोदांचे होते, आम्ही तिघे मित्र चालवत होतो. वीस हजारांच्या आसपास पोहोचल्यावर एका पैज लावण्याच्या ॲपकडून एका स्टोरीचे सहा हजार रुपये देऊ केले गेले. जाहिरात असल्याचे लिहायचे नाही अशी अट होती. २०२१ पासून जाहिरात मानक परिषदेचा नियम नेमका उलटा आहे, पण तेव्हा आम्हाला कुठे माहीत होता. एकाला घ्यायचे होते, दोघांना नाही, म्हणून घेतले नाही, आणि त्यावरून पान फुटले. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा झाला, तेव्हा त्या मित्राने आपणहून फोन केला. पान अजून बंदच आहे.

हिंगोली, बी. ए., प्रथम वर्ष

वरचे आकडे वाचून माझे सांगावे की नाही असे झाले होते, कारण माझे फॉलोअर्स ३४० आहेत. मी रोज सकाळी बसस्थानकावरून कॉलेजला जातो आणि आमच्या भागातल्या गाड्यांच्या वेळा, कोणती सुटली, कोणती उशिरा आहे, हे फलकाच्या फोटोसह स्टोरीला टाकतो. सुरुवात एका मैत्रिणीसाठी झाली होती. मग तिच्या गावच्या सगळ्या मुली जोडल्या गेल्या, मग त्यांचे पालक. वाढले काय, तर जबाबदारी. मागच्या महिन्यात तापामुळे दोन दिवस गेलो नाही, तर एका काकांनी घरचा पत्ता शोधून काढला आणि दारात येऊन आईला विचारले, “पोरगा बरा हाय का? अन् सात वाजताची गेली का?” सकाळी सहाला फलक टाकायचा असतो, म्हणून इथेच थांबतो.