गॅदरिंगला ‘शंभर टक्के सहभाग’ हवा की नको?

खडू_डस्टर
डिसेंबर जवळ आला की स्टाफरूममध्ये सूचना लागते: यंदा शंभर टक्के सहभाग. म्हणजे पटावरचं प्रत्येक मूल स्टेजवर दिसलंच पाहिजे. माझा याला विरोध आहे, आणि तो मुलांच्याच बाजूने आहे.

हिशेब करा. एका इयत्तेच्या चार तुकड्या, तुकडीत 50, म्हणजे 200 मुलं. शाळेच्या हॉलचं स्टेज 30 फूट रुंद धरू. हात पसरून नाचायला एका मुलाला साडेतीन फूट लागतात. ओळीत आठ, ओळी तीन, मुलं 24. म्हणजे 200 मुलांना नऊ नाच. गाणं साडेतीन मिनिटं, आत-बाहेर दीड मिनिट. एका इयत्तेलाच पाऊण तास. पाचवी ते आठवी घेतली तर तीन तास, पाहुणे आणि बक्षिसं वेगळी. मग होतं काय, तर एकेका नाचात चाळीस जणं कोंबली जातात. मागच्या दोन ओळी नुसत्या उभ्या, टाचा उंचावून पुढच्याच्या खांद्यावरून आई कुठे बसलीय ते शोधत. यादीत टिक झाली, एवढंच. त्यापेक्षा सरळ निवड चाचणी घ्या. बाकीच्यांना विज्ञान प्रदर्शन, हस्तलिखित, क्रीडादिन आहेतच की.

हजेरीपट
सर, आकडे बरोबर, पण निवड चाचणी असते कधी? शाळा सुटल्यावर. व्हॅनची मुलं तोवर निघून गेलेली. ज्यांना घरी धाकट्या भावंडाला सांभाळायचं असतं त्या मुलीही गेलेल्या. त्या हरत नाहीत, आधीच बाद होतात. शिवाय निवडताना नजर कुठे जाते तेही एकदा बोलूया. पहिल्या ओळीत उजळ रंगाची आणि बाहेर डान्स क्लास लावलेली मुलं, दर वर्षी. हस्तलिखितात तीच, प्रदर्शनात तीच. तुम्ही म्हणता ते ‘बाकीचे’ सगळीकडेच बाकी राहतात.

वर्गशिक्षकांनी एक करून बघावं. हजेरी न उघडता कोऱ्या कागदावर आपल्या वर्गाची सगळी नावं आठवून लिहायची. मग हजेरीशी ताडायची. जी राहतात ती दंगेखोर नसतात, पहिल्या पाचातलीही नसतात. वही वेळेवर देतात, तक्रार करत नाहीत, म्हणून डोळ्यांआड जातात. कामं वाटायला सुरुवात या नावांपासून करायची. शेवटी उरलं ते त्यांना, हे नको.

विंगेतून
दोघंही स्टेजवरच अडकलात. पुण्यात पुरुषोत्तम करंडक या कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेसाठी धडपडलेल्या कोणालाही विचारा, बॅकस्टेज म्हणजे दुय्यम काम नव्हे. पण शाळेत बॅकस्टेज म्हणजे ‘पाहुण्यांना गुलाब दे’ आणि ‘खुर्च्या लाव’. हे काम नाही, सोय आहे.

माझी कसोटी सोपी आहे: ते मूल ऐनवेळी आलं नाही तर काही अडेल का? नाटकातलं तिसरं झाड आलं नाही तर काही अडत नाही. पडदा ओढणारा आला नाही तर अडतं. आठ नाचांच्या कार्यक्रमाला खरी कामं बघा: पडद्याला दोन, गाण्यांच्या क्रमाला एक, ध्वनीवाल्याशेजारी खूण करायला एक, पुढच्या गटाला विंगेत आणायला दोन्ही बाजूंना दोन-दोन, सामान ठेवा-उचलायला चार, रंगीत चिकटपट्टीने जागा आखायला दोन, निवेदनाला चार. झाली अठरा. मात्र त्यांची तालीमही नाचाइतकीच घ्यावी लागते. रंगीत तालमीच्या दिवशी पहिल्यांदा दोरी हातात दिली की पडदा अडकतो, सगळे त्या मुलावर ओरडतात, आणि पुढच्या वर्षी शिपाईकाका ओढतात. नावं कार्यक्रमपत्रिकेत छापा आणि शेवटच्या नमस्काराला सगळ्यांना पुढे बोलवा.

तुळशीबाग_कॉर्नर
अहो, पैशाचं कोण बोलणार? ड्रेपरीवाल्याचं भाडं, वर डिपॉझिट, गजरा-दागिने निराळे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने खाजगी शाळेतल्या 25 टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना मिळाल्या. त्या मुलाने डिसेंबरात वर्गासमोर ‘आई नाही म्हणाली’ असं सांगायचं? ते खोटंच सांगतं, ‘मला आवडत नाही नाचायला’. आणि तुम्ही यादीत लिहिता: विद्यार्थी इच्छुक नाही.

भाड्याचा एकही कपडा नको, हा नियम करा. घरचा पांढरा शर्ट, गणवेशाची पँट, वर उपरणं. रविवार पेठेतून 36 इंची पन्ह्याचं सुती कापड आणा. दोन मीटरच्या तुकड्याची उभी दोन उपरणी होतात, म्हणजे 50 मुलांना 50 मीटर. खर्च शाळेचा, आणि कडा दुमडून शिवल्या तर तीच पुढच्या वर्षी लेझमीला चालतात.

खडू_डस्टर
उपरण्याचं मान्य. पण जे मूल खरंच नको म्हणतं त्याचं काय? बोबडं बोलणाऱ्या, घाबरणाऱ्या मुलाला ‘सहभाग’ म्हणून ढकलणं हाही जाचच. आणि तालमीसाठी खेळाचे नि चित्रकलेचे तास खातात, ते कोणाचे? ज्याला वर्गात फक्त त्याच दोन तासांत शाबासकी मिळते त्याचे.

हजेरीपट
तासांचं अगदी खरं. म्हणूनच तालीम परिपाठानंतर रोज वीस मिनिटं, तीन आठवडे. सलग दोन-दोन तास घेतले तरी शेवटचा तास आरडाओरड्यातच जातो. ‘नको’ म्हणणाऱ्याला सर्वांसमोर विचारू नका. चिठ्ठीवर तीन पर्याय द्या: स्टेजवर, स्टेजमागे, कार्यक्रमाआधीचं काम. ‘काहीच नको’ हा चौथा ठेवू नका. ओळींचं म्हणाल तर दुसऱ्या कडव्याला मागची ओळ पुढे आणा. नाच बसवतानाच ते धरलं तर जड नाही, आयत्या वेळी केलं तर टकरा होतात.

उतार_१ला१२
एक राहिलं. चाकाच्या खुर्चीतल्या मुलाला चार जण उचलून स्टेजवर नेतात आणि लोक टाळ्या वाजवतात. ते मूल तेव्हा कुठे बघतं, बघितलंय कोणी? रॅम्पचं प्रमाण एकास बारा, म्हणजे तीन फूट उंच स्टेजला 36 फुटांचा उतार. हॉलमध्ये तेवढी जागा नसतेच. मग तो अख्खा नाच स्टेजसमोर जमिनीवर करा, सगळ्यांनी. पहिल्या दोन रांगांच्या खुर्च्या काढल्या की झालं. मोठ्या आवाजाचा त्रास होणाऱ्या मुलांचा नाच अगदी सुरुवातीला ठेवा आणि ध्वनीवाल्याला आवाज किती ते आधी दाखवून द्या. त्याला नुसतं ‘जरा कमी’ म्हणून भागत नाही.

खडू_डस्टर
ठीक. तरी चाळीसची गर्दी मला पटणार नाही. 24 च्या वर एकही नको.

विंगेतून
मग जागा आणि वेळ काढा. वेळ खातो बक्षीस समारंभ. तीच पाच-सहा मुलं अकरा वेळा वर चढतात, उरलेली टाळ्या वाजवून हात लाल करतात. तो समारंभ आपापल्या वर्गात घ्या, दुसऱ्या दिवशी.

तुळशीबाग_कॉर्नर
संस्थाचालक ऐकतील? त्यांना पाहुण्यांबरोबर फोटो हवा असतो.

विंगेतून
फोटो नमस्काराच्या वेळी घ्या. सगळी मुलं मागे उभी असतातच.

खडू_डस्टर
200 मुलं, 30 फुटांत?

हजेरीपट
नमस्कार जमिनीवर घ्या, सर. खुर्च्या काढलेल्याच आहेत.