प्रतिसाद : फ्रॉस्टने खाली टाकलेला क्लिपबोर्ड

नेत्यांच्या दीर्घ मुलाखतीत मुलाखतकाराने मऊपणे बोलावं की खडसावून विचारावं, हा वाद वरच्या चर्चेत चाललाय. मला वाटतं, खरा फरक तयारीचा आणि वेळेचा असतो. डेव्हिड फ्रॉस्टने १९७७ साली घेतलेली अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांची मुलाखत बघा.

फ्रॉस्टची ओळख गप्पांच्या कार्यक्रमांचा सूत्रसंचालक अशी, त्यात निक्सनना मानधन ६ लाख डॉलर. पैसे देऊन घेतलेली मुलाखत म्हणून भरपूर टीका झाली, आणि तो आक्षेप मलाही पटतो. पण एक अट फार मोलाची होती : प्रश्न आणि संकलन यांवर निक्सनचा काहीही ताबा नाही. चित्रीकरण २८ तासांहून अधिक चाललं. फ्रॉस्टच्या सहायकांनी वॉटरगेटची (विरोधी पक्षाच्या कार्यालयातल्या घुसखोरीचं आणि ती दडपण्याचं प्रकरण, ज्यामुळे निक्सनना राजीनामा द्यावा लागला) कागदपत्रं अक्षरशः चाळून काढली होती, त्यामुळे निक्सननी विषय फिरवायला सुरुवात केली की फ्रॉस्ट त्यांच्याच ध्वनिमुद्रित संभाषणांच्या नोंदी वाचून दाखवायचा.

आणि तो क्षण! निक्सन 'चुका झाल्या' एवढ्यावरच अडून बसलेले. फ्रॉस्टने हातातला क्लिपबोर्ड खाली टाकला आणि अगदी शांतपणे सांगितलं की, चुका म्हणून भागणार नाही, लोकांना याहून जास्त ऐकायचंय. तेव्हा कुठे, आपण देशवासीयांची निराशा केली, असं निक्सन बोलले. निक्सननंतर राष्ट्राध्यक्ष झालेल्या फोर्ड यांनी १९७४ मध्येच माफी दिल्यामुळे त्यांच्यावर खटला चाललाच नव्हता. मी ते दृश्य अनेकदा पाहिलंय, दर वेळी त्यांच्या चेहऱ्यावरच नजर खिळते.