६१च्या कॅडिलॅकला ६२चे कॉर्नरिंग लाइट: बसवावेत की नाही?

निशाचर (धागाकर्ता)

माझी गाडी १९६१ची अमेरिकन कॅडिलॅक. प्रदर्शनात उभी करायला घेतलेली नाही, चालवायला घेतली आहे, आणि चालते ती बहुतेक रात्रीच. वैताग एकाच गोष्टीचा. बॉनेट लांबलचक, हेडलाइट नाकासमोर बघणारे, त्यामुळे अरुंद गल्लीत किंवा फाटकातून आत वळताना जिथे जायचंय नेमका तिथेच काळोख असतो.

पुढच्याच वर्षी, म्हणजे १९६२च्या मॉडेलला, कंपनीने पुढच्या चाकाच्या पुढे मडगार्डात कॉर्नरिंग लाइट दिले. ज्यांनी पाहिले नसतील त्यांच्यासाठी: दिवे चालू असताना इंडिकेटरची दांडी टाकली की त्या बाजूचा पांढरा दिवा लागतो. तो लुकलुकत नाही, स्थिर जळतो आणि बाजूच्या रस्त्यावर उजेड पाडतो. वळण संपून दांडी परत आली की विझतो. माझ्या ६१ला त्याच जागी रेघारेघांची क्रोमची पट्टी आहे.

६२चे दिवे काचेसकट जुन्या सुट्या भागांत मिळतायत. पट्टी काढून, पत्रा कापून ते कंपनीने बसवल्यासारखेच बसवावेत असं माझं मत आहे. विरोध असेल तर जरूर लिहा, फक्त कारण द्या.

मूळपत्रा

विरोध आहे आणि कारणही आहे.

ती क्रोमची पट्टी ६१ची ओळख आहे. ६१ आणि ६२ या एकाच बांध्याच्या गाड्या. लांबून फरक कळतो तो अशाच चार-दोन खुणांवरून. पट्टी गेली, दिवा आला, की गाडी ना ६१ची राहिली ना ६२ची झाली. उद्या तुमच्यानंतर गाडी घेणारा माणूस ६२चं मडगार्ड बसवलंय म्हणजे समोरून ठोकलेली असणार, असं धरूनच भाव करेल. आणि त्याला दोष देता येणार नाही.

दुसरं, साठ वर्षं टिकलेला पत्रा कापायचा म्हणजे गंजाला दार उघडून द्यायचं. पुढच्या चाकाचा चिखल-पाणी नेमकं तिथेच आपटतं.

क्रोमवेडा

मूळपत्रा, गाडी चालवायचीय त्यांना, ममी करून ठेवायची नाही. त्या काळातले मालकही गाडीला नंतर काय काय लावून घ्यायचेच की! स्पॉटलाइट, फॉग लाइट, बाहेरचे आरसे. आज तेच भाग 'त्या काळची अॅक्सेसरी' म्हणून मिरवले जातात. निशाचरनी तर त्याच कंपनीचा, अवघ्या एका वर्षाने आलेला भाग निवडलाय. याहून सभ्य बदल कुठला?

मूळपत्रा

त्या काळी केलेला बदल आणि आज केलेला बदल यात फरक आहे. पहिला गाडीच्या आयुष्याचा भाग आहे, दुसरा तसा भासवलेला आहे. जुन्या गाड्यांची जागतिक संघटना फिवा, तिची ट्युरिन सनद वाचा. सुरक्षिततेसाठी किंवा कायद्यासाठी बदल करायला तिचीही ना नाही. पण बदल नजरेत न भरणारा असावा, पुन्हा पूर्ववत करता यावा आणि काढलेले मूळ भाग गाडीबरोबर जपून ठेवावेत, असं तिचं म्हणणं आहे. कापलेला पत्रा पूर्ववत कसा करणार?

तारकरी

पत्र्यावर तुमचं चालू द्या. मला वायरिंगची काळजी आहे, कारण 'कंपनीसारखे' हा शब्द तिथेच फसतो.

बरेच जण पुढच्या इंडिकेटरच्या वायरला टॅप मारून नवा दिवा जोडतात. मग तो स्थिर जळत नाही, इंडिकेटरबरोबर लुकलुकतो, आणि लुकलुकत्या उजेडात फाटकाचा खांब अजूनच दिसेनासा होतो. शिवाय जुना फ्लॅशर, म्हणजे इंडिकेटर लुकलुकवणारा डबा, तापून उघड-मीट करणारा असतो. त्याच्यावर जादा बल्बचा भार पडला की तो भराभर टिकटिकायला लागतो.

कंपनीच्या मांडणीत स्टिअरिंगजवळच्या इंडिकेटर स्विचमध्ये या दिव्यांसाठी वेगळे संपर्कबिंदू असतात. त्यांना वीज येते ती लाइटच्या स्विचकडून, फ्लॅशरला वळसा घालून. म्हणून दिवा स्थिर जळतो आणि म्हणूनच दिवसा लागत नाही. तेव्हा निशाचर, मडगार्डातले दिवे मिळाले म्हणजे अर्धंच सामान मिळालं. तसा स्विच आणि त्याचं हार्नेस, म्हणजे वायरींची जुडी, मिळतंय का?

निशाचर

स्विच अजून मिळालेला नाही. तोपर्यंत रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, लावून काम भागेल असा विचार होता.

तारकरी

भागेल, पण साधा रिले इंडिकेटरच्या वायरवर लावलात तर तोही फ्लॅशरच्या तालावर उघडमीट करणार. दिवा लुकलुकायचा तो लुकलुकणारच, वर रिलेचा खटखटाट. वीज गेल्यावरही थोडा वेळ धरून ठेवणारा, उशिरा सुटणारा रिले हवा. इंडिकेटर मिनिटाला ६० ते १२० वेळा लुकलुकतो, म्हणजे दोन लुकलुकींमधला अंधार साधारण अर्धा सेकंद किंवा त्याहून कमी. रिलेने एक सेकंद धरलं तरी पुरे. काही जण रिले ओढणाऱ्या कॉइलला समांतर कपॅसिटर (थोडी वीज साठवणारा भाग) लावून हेच साधतात. तिथे डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) विसरू नका, नाहीतर कपॅसिटरमधली वीज उलटी इंडिकेटरच्या बल्बातूनच वाहून जाते आणि रिले काही धरत नाही.

दिव्याचा मुख्य प्रवाह मात्र रिलेतून, स्वतंत्र फ्यूज घालून द्या. कॉइलचा पुरवठा पार्किंग लाइटच्या वायरशी अडकवून ठेवा, म्हणजे दिवसा दिवा लागणार नाही. आणि मडगार्डाला अर्थ देताना खालचा रंग खरवडायला विसरू नका. जुन्या गाडीत दिवा मंद लागला की निम्म्या वेळा दोष अर्थिंगचाच निघतो.

सहा_व्होल्टी

यात एक खोच राहिली. गाडीला नंतर कुणी चारही इंडिकेटर एकदम लावायची हॅझर्डची सोय करून घेतली असेल, तर रिलेच्या मांडणीत रात्री हॅझर्ड लावल्यावर दोन्ही कॉर्नरिंग लाइट भगभगीत पेटून बसतील. रस्त्याच्या कडेला बंद पडलेल्या गाडीला तेवढीच बॅटरी कमी. दांडीवरच्या वेगळ्या संपर्कबिंदूंमुळे कंपनीच्या मांडणीत हा घोळ होत नाही.

आणि वीज पुरेल का? ६१ला वीज तयार करायला नव्या गाड्यांसारखा अल्टरनेटर नाही, जुना डायनॅमो आहे. सिग्नलला इंजिन मंद चालत असताना डायनॅमो काही देत नाही म्हटलं तरी चालेल. हेडलाइट, हीटरचा पंखा, वायपर आणि वर हा दिवा!

क्रोमवेडा

डायनॅमोचा बाऊ नको. ६२च्या कॅडिलॅकलाही डायनॅमोच होता, अल्टरनेटर त्यांच्याकडे १९६३ला आला. कंपनीने त्याच डायनॅमोवर हे दिवे दिले ना? एका वेळी एकच दिवा, तोही वळण संपेपर्यंत. नेहमीचा ११५६ नंबरचा बल्ब २.१ अँपिअर घेतो, ११९५सारखा जोरकस बल्ब ३च्या आसपास. तेवढ्याने बॅटरी बसणार असेल तर ती आधीच बसलेली आहे. भीती वाटायची ती १९५३च्या आधीच्या ६ व्होल्टच्या कॅडिलॅकमध्ये. तिथे तेवढ्याच उजेडाला दुप्पट प्रवाह लागतो आणि वायरही जाड घ्यावी लागते.

सहा_व्होल्टी

बरं, डायनॅमोचा मुद्दा मागे. हॅझर्डचा नाही.

कोपरा

सगळे 'कसं' यावर लिहितायत. मला 'कशाला' हे विचारायचंय.

इंडिकेटरवर लागणारा दिवा ही मुळात अर्धवट युक्ती आहे. घाटात वळणामागून वळणं येतात, तिथे कुणी इंडिकेटर देत नाही. म्हणजे जिथे रस्ता खरोखर वळतो तिथे दिवा बंद. उलट मोकळ्या हायवेवर लेन बदलताना दांडी टाकली की हा लागणार आणि शेजारच्या गाडीवर झोत मारणार. दिवा स्टिअरिंगशी जोडायला हवा हे ज्यांना कळलं त्यांनी तसं केलंही होतं. १९४८च्या अमेरिकन टकर गाडीमध्ये मधला तिसरा हेडलाइट स्टिअरिंगबरोबर फिरायचा. फ्रेंच सिट्रोएन डीएस गाडीला १९६७मध्ये आतले दोन दिवे फिरणारे आले. अमेरिकेत विकलेल्या डीएसला मात्र तिथल्या नियमांमुळे ते स्थिरच ठेवावे लागले.

आजच्या आंतरराष्ट्रीय नियमांनाही हे ठाऊक आहे. कॉर्नरिंग लाइट हेडलाइटशिवाय लागता कामा नये आणि वेग ४० किलोमीटरच्या वर गेला की विझायला हवा, असं युनोच्या वाहन-दिव्यांच्या नियमावलीत आहे. ६२च्या मांडणीत वेगाची काही अटकच नव्हती. तर साठ वर्षांपूर्वीचा दोष हौसेने, पत्रा कापून, आपल्या गाडीत का आणायचा?

निशाचर

कोपरा, मुद्दा चोख आहे, पण घाटाची अपेक्षा मी या दिव्याकडून कधी ठेवलीच नव्हती. मला तो हवाय चालीच्या वेगात: गल्लीचा कोपरा, फाटक, पार्किंगचा उतार. तिथे मी दांडी टाकतोच. डीएसचे फिरते दिवे पुढच्या वळणाचा रस्ता दाखवतात, माझं काम आहे दाराशेजारचा पदपथ आणि त्यावर उभा माणूस दिसण्याचं. ही दोन वेगळी कामं आहेत. हायवेवर झोत जातो हे खरं. त्यासाठी डॅशबोर्डखाली बंद करायचं एक बटण ठेवता येईल.

मूळपत्रा

बटण आलं, रिले आला, कपॅसिटर आला. मग 'कंपनीने बसवल्यासारखा' उरलं काय? फक्त काच!

क्रोमवेडा

काचच तर दिसते, भाऊ. रिले कुणाला दिसतोय?

मूळपत्रा

दिसत नाही म्हणूनच आक्षेप आहे. उघड उघड बाहेरून लावलेला दिवा मला चालेल, तो स्वतःहून सांगतो की मी नंतर आलो. कंपनीचा मुखवटा घालून आलेला भाग पुढच्या माणसाला फसवतो, तुमची तशी इच्छा असो वा नसो.

रातराणी

मी कुठल्याच बाजूची नाही, पण एक शंका. ६१चे पुढचे इंडिकेटर पांढरे असतात ना? पिवळे ६३पासून आले. मग बाजूला उभ्या माणसाला जवळजवळ दोन पांढरे उजेड दिसणार, एक लुकलुकता मिणमिणता आणि एक स्थिर झगझगीत. गाडी वळतेय हे त्याला कळेल की झगझगाटात इंडिकेटरच हरवून जाईल? या दिव्याने चालकाला दिसतं ते ठीक, बाहेरच्याला काय दिसतं याचा विचार इथे अजून कुणी केलेला नाही.

तारकरी

चांगली शंका. ६२लाही इंडिकेटर पांढरेच होते, तेव्हा कंपनीने हे चालवून घेतलं एवढं खरं, पण म्हणून ते उत्तम होतं असं नाही. उपाय दोन. बल्ब फार जोरकस घेऊ नका, ११५६ पुरेल. दुसरं, झोत थोडा खाली आणि बाजूला ठेवा, म्हणजे समोरून येणाऱ्याला मुख्यतः इंडिकेटरच दिसेल. कॅण्डल पॉवरमध्ये, म्हणजे उजेडाच्या जुन्या मापात, ११५६ म्हणजे ३२ आणि ११९५ म्हणजे ५०, फरक बराच आहे. तिथे निळसर एलईडी घालू नका हे सांगायला हवं का? ६१च्या क्रोमवर तो उजेड दवाखान्यातल्यासारखा दिसतो.

कोपरा

निशाचर, मग पत्रा कापण्याआधी एक करा. बंपरच्या खाली पट्टीने दोन छोटे दिवे बाजूला तोंड करून अडकवा. वायरिंग तारकरी म्हणतात तेच. एक पावसाळा तसे वापरा. तुम्ही म्हणता तसा उपयोग झाला तर पुढचं बोलू. मला वाटतं, महिन्याभरात तुम्ही ते बटण कायमचं बंद करून ठेवाल.

क्रोमवेडा

६१च्या बंपरखाली लोंबते दिवे! याला माझा सगळ्यात मोठा विरोध. त्यापेक्षा अंधार बरा.

निशाचर

क्रोमवेडा, तुमचं दुःख समजतं. पण वायरिंग दोन्ही वाटांनी सारखंच लागणार आहे, तर आधी तेवढं करून घेतो. बंपरखाली दिवे, ११५६चे बल्ब, उशिरा सुटणारा रिले आणि बंद करायचं बटण. हॅझर्डची सोय माझ्या गाडीत कुणीतरी करून ठेवलीय, त्यामुळे सहा_व्होल्टींचा मुद्दा लागू आहेच. तारकरी, हॅझर्ड लावल्यावर रिलेला वीज जाऊच नये अशी जोडणी साध्या रिलेंनी होईल का?

पत्र्याबद्दल मत बदललेलं नाही. ६२चे दिवे विकत घेऊन ठेवतोय.

तारकरी

होईल. डाव्या आणि उजव्या इंडिकेटरच्या वायरी दोन रिलेंमधून अशा न्यायच्या की दोन्हींना एकदम वीज आली तर दोन्ही तुटतील. बंद संपर्काचे रिले (वीज मिळाली की जोडणी तोडणारे) घ्या, डावीचं कॉइल उजवीच्या वायरवर आणि उजवीचं डावीच्या. हे दोन्ही उशिरा सुटणाऱ्या रिलेच्या आधी बसवायचे. एक दक्षता मात्र हवी. दोन्ही बाजूंना वीज एकाच क्षणी येते, तेव्हा तोडणारा रिले हलेपर्यंत एक झटका पलीकडे निसटतो. धरून ठेवणारा रिले तेवढ्यानेही पकडला, तर तो भाग थोडा मंद करावा लागेल. आकृती काढून उद्या टाकतो. तुमचा फ्लॅशर दोन पायांचा आहे की तीन, तेवढं बघून सांगा.