स्टेलेरियममध्ये इ.स.पू. ३३१चं खग्रास चंद्रग्रहण सापडत नाही

तारांगण_कसबा: अलेक्झांडर आणि इराणचा सम्राट दारियस यांच्यातल्या गौगामेलाच्या लढाईच्या अकरा दिवस आधी, २० सप्टेंबर इ.स.पू. ३३१च्या रात्री खग्रास चंद्रग्रहण झालं. स्टेलेरियम या आकाश दाखवणाऱ्या संगणक-प्रणालीत वर्ष -३३१ आणि ठिकाण पुणे टाकलं, तर संध्याकाळी पश्चिमेला चतुर्थीसारखी कोर दिसते. चुकतंय कुठे? आणि हे ग्रहण पुण्यातून दिसलं असतं का?

छायागणित: वर्ष चुकलंय. इतिहासकारांच्या गणतीत इ.स.पू. १ नंतर थेट इ.स. १ येतं, शून्य वर्ष नाही. खगोलगणितात ते आहे. म्हणून इ.स.पू. ३३१ म्हणजे -३३०. तुम्ही एक वर्ष मागे गेलात. बारा चांद्रमास सौरवर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी कमी पडतात, म्हणून पौर्णिमेऐवजी कोर दिसली.

दिनांक २० सप्टेंबरच ठेवा. १५८२च्या आधी स्टेलेरियम ज्युलियन पंचांग वापरतं. आजचं ग्रेगरी पंचांग त्या काळापर्यंत मागे ताणणाऱ्या साधनांत हाच दिवस १५ सप्टेंबर येतो.

आधी ठिकाण बॅबिलोन घ्या, या ग्रहणाची जुनी नोंद तिथलीच आहे: ३२.५४ उत्तर, ४४.४२ पूर्व. वेळक्षेत्र 'स्थानिक मध्यम वेळ' करा. आजच्या इराकची प्रमाणवेळ तिथे निरर्थक आहे.

तारांगण_कसबा: पौर्णिमा आली, ग्रहणही लागलं! पण मध्यरात्रीनंतर. बॅबिलोनच्या मातीच्या पाटीवर म्हणे खग्रास स्थिती आली तेव्हा गुरू मावळत होता आणि शनी उगवत होता. इथे गुरू केव्हाच मावळलेला.

छायागणित: मग डेल्टा-टी, म्हणजे पृथ्वीच्या मंदावत्या फिरण्यासाठीची वेळेची दुरुस्ती, बंद आहे. एफ २ दाबून कॉन्फिगरेशनमध्ये पाहा, 'दुरुस्ती नाही' निवडलेलं असेल. मूळचं सूत्र परत लावा.

भरती-ओहोटीच्या घर्षणाने पृथ्वीचं फिरणं मंदावत आलंय. दिवस लांबतो तो मिलिसेकंदांनी, पण रोजचा तो फरक साचत जातो आणि तेवीस शतकांत सुमारे ४ तासांवर जातो. तेवढ्यात पृथ्वी ६० अंश फिरते. दुरुस्ती नसेल तर चंद्र सावलीत बरोबर शिरतो, फक्त पृथ्वीचा भलताच भाग त्याच्याकडे वळलेला असतो.

गुरू-शनीची ती नोंद म्हणूनच अमोल आहे. घटिकायंत्र चुकू शकतं, क्षितिजावरचे दोन ग्रह चुकत नाहीत. दुरुस्ती लावून खग्रास सुरू होण्याच्या क्षणी थांबा, दोन्ही क्षितिजं पाहा.

अमान्त: पाटीवर उलूलू या बॅबिलोनी महिन्याची १३ तारीख आहे, ती त्रयोदशी समजू नका. तिथे महिना अमावास्येच्या क्षणापासून नव्हे, संध्याकाळी कोर प्रत्यक्ष दिसली की सुरू होई. म्हणून तारीख आपल्या तिथीपेक्षा एक-दोनने मागे राहते. ग्रहण पौर्णिमेलाच.

पुण्याचं सांगायचं तर, आकाश निरभ्र असतं तर नक्की दिसलं असतं. पुणे बॅबिलोनच्या सुमारे २९.४ अंश पूर्वेला, म्हणजे स्थानिक घड्याळ जवळजवळ दोन तास पुढे. क्षण एकच, पण तिथे पूर्वरात्र असताना इथे चंद्र बराच वर चढलेला. अडचण ढगांची. ऋतूच्या हिशेबाने, म्हणजे ग्रेगरी पंचांगाने, तो १५ सप्टेंबर, आणि तेव्हा पुण्यावरून पाऊस सहसा परतलेला नसतो.