मदत हवी आहे: बॉइंकमध्ये सीपीयू टाईम चुकीचा दाखवतोय

सिंदफणा
बॉइंक (घरच्या संगणकावर विज्ञानाच्या प्रोजेक्टची कामं, म्हणजे टास्क, चालवणारा प्रोग्राम) चालू आहे. एक टास्क ९ तास १० मिनिटं झाली चाललाय आणि सीपीयू टाईम (प्रोसेसरनं टास्कवर खरंच घालवलेला वेळ) दाखवायलंय फक्त १ तास ४० मिनिटं. दुसऱ्या मशीनवर उलटंच, चालून २० मिनिटं झालेत आणि सीपीयू टाईम सव्वा तास! बॉइंक काढून परत टाकलं, फरक नाही. मोजणी दुरुस्त कशी करायची ते सांगा, लवकर. डेडलाईन जवळ आलीय.

मांजराकाठ
प्रोजेक्ट कोणता? विंडोज की लिनक्स? रॅम किती, कोअर किती? टास्क ग्राफिक कार्डावरचा असेल तर सीपीयू टाईम कमी दिसणारच, त्यात बिघडलेलं काही नाही.

दुधना
हायपर-थ्रेडिंग बंद करा. एका कोअरचे दोन दाखवतो म्हणून वेळ निम्मा मोजला जातो. बायोसमध्ये जाऊन बंद केलं की काम झालं.

गोदाकाठ
दुधना, तसं होत नाही. हायपर-थ्रेडिंगमध्ये दोन टास्क एकाच कोअरवर वाटून चालतात, त्यामुळे प्रत्येकाला जास्त वेळ लागतो. पण सीपीयू टाईम आणि चालण्याचा वेळ दोन्ही सोबतच वाढतात, गुणोत्तर ढळत नाही. कृपया यासाठी कोणी बायोसला हात लावू नका.

सिंदफणा
पहिल्यावर रोझेटा, दुसऱ्यावर मिल्कीवे. दोन्ही विंडोज १०. ग्राफिक कार्ड नाही. पहिल्याला ४ लॉजिकल कोअर.

मांजराकाठ
मग दुसऱ्या मशीनचा प्रश्न इथंच मिटला. मिल्कीवेचा एन-बॉडी टास्क मल्टिथ्रेड असतो, म्हणजे एकच टास्क एकदम अनेक कोअरवर चालतो. यादीत टास्कच्या पुढं कंसात ४ सीपीयू लिहिलेलं दिसेल. सीपीयू टाईम म्हणजे सगळ्या थ्रेडची बेरीज. चार थ्रेड २० मिनिटं चालले तर जास्तीत जास्त ८० मिनिटं होतात, तुमची ७५ झालीत. मोजणी बरोबर आहे.

आता पहिलं मशीन. कम्प्युटिंग प्रेफरन्सेसमध्ये "सीपीयू टाईम जास्तीत जास्त किती टक्के" ते बघून सांगा. वेबसाईटवरचं नको, मशीनवरचं बघा. मशीनवर एकदा सेटिंग केलं की वेबसाईटवरचं लागू होत नाही.

सिंदफणा
६० टक्के. उन्हाळ्यात पंख्याचा आवाज लई व्हायचा म्हणून ठेवलंय.

बिंदुसरा
इन्व्हर्टरवर चालवता का? यूपीएस यूएसबीनं जोडलेला असेल तर विंडोज त्याला बॅटरी समजतं. लाईट गेली की "बॅटरीवर असताना थांबवा" या सेटिंगनं बॉइंक थांबतं. घरातला साधा इन्व्हर्टर संगणकाला काहीच कळवत नाही, तिथं हे लागू नाही.

गोदाकाठ
बिंदुसरा, माहिती कामाची आहे, पण टास्क थांबलेला असताना चालण्याचा वेळही थांबतो. तेवढ्यानं दोन आकड्यांत असं अंतर पडत नाही.

सिंदफणा, हिशोब बघा. ६० टक्क्यांवर बॉइंक टास्क काही क्षण चालवतं, काही क्षण थांबवतं. तेवढ्या थांबण्यात सीपीयू टाईम मोजला जात नाही. ते सगळं थांबणं धरलं तरी ९ तास १० मिनिटांचे ६० टक्के म्हणजे साडेपाच तास. तुमचे १ तास ४० मिनिटं, म्हणजे १८ टक्के. बाकीचा वेळ दुसरं काहीतरी खातंय. रॅम अजून सांगितली नाही तुम्ही.

दुधना
मराठवाड्यातल्या मे महिन्यात प्रोसेसर तापून हळू पडतो. थर्मल पेस्ट बदला, सीपीयू टाईम आपोआप वाढेल.

मांजराकाठ
पेस्ट बदलायला हरकत नाही, पण सीपीयू टाईम सेकंदांत मोजतात. क्लॉक (प्रोसेसरचा वेग) निम्म्यावर उतरला तरी तो प्रोसेस एक सेकंद कोअरवर असली की एक सेकंदच धरला जातो. तापल्यानं काम कमी होतं, सीपीयू टाईम कमी दिसत नाही.

सिंदफणा
रॅम ८ जीबी. चार टास्क सोबत चालतात. हार्ड डिस्कचा दिवा विझतच नाही.

गोदाकाठ
मिळालं. रोझेटाचा एकेक टास्क दीड जीबीपर्यंत जाऊ शकतो, काही त्याहून जड असतात. चार टास्क म्हणजे ६ जीबी, वर विंडोज आणि ब्राउझर. रॅम पुरत नाही म्हणून मेमरीतले तुकडे (पानं) डिस्कवर जातात-येतात, आणि डिस्कची वाट बघत बसलेल्या प्रोसेसला सीपीयू टाईम मिळत नाही. घड्याळ मात्र चालू. खात्री करायची तर रिसोर्स मॉनिटर उघडा, मेमरी टॅबमध्ये हार्ड फॉल्ट्सचा (किती वेळा डिस्कवरून पानं आणावी लागली त्याचा) रकाना बघा. रोझेटासमोर सतत मोठे आकडे दिसले तर कारण हेच.

मेमरीच्या मर्यादा किती ठेवल्यात? मूळ सेटिंग संगणक वापरात असताना ५० टक्के, नसताना ९० असतं. ते तसं असेल तर जागा नसताना बॉइंक टास्क "मेमरीची वाट बघतोय" म्हणून बाजूला ठेवतं.

सिंदफणा
दोन्ही १०० होत्या. हार्ड फॉल्ट्स शेकड्यांत आहेत.

गोदाकाठ
असं करा. मेमरी ५० आणि ९०. कोअर ५० टक्के, म्हणजे दोनच टास्क चालतील. सीपीयू टाईम १००. उष्णता कमी करायची तर कोअर कमी करणं चांगलं, चालू-बंद चालू-बंद नको. तरी तापलं तर विंडोजच्या पॉवर ऑप्शनमध्ये मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट ९९ करा, टर्बो (प्रोसेसरचा जादा वेग) बंद होतो. "थांबवलेले टास्क मेमरीत ठेवा" हे चालू असू द्या, नाहीतर प्रत्येक थांब्याला टास्क मागच्या चेकपॉइंटवर (काम शेवटचं जतन झालं त्या टप्प्यावर) जातो.

रोझेटाचं लक्ष्य साधारण ८ तास सीपीयू टाईम असतं, घड्याळाचे ८ तास नव्हे. तुमच्या गतीनं एका टास्कला ४४ तास लागले असते, आणि मुदत साधारण ३ दिवसांची. मशीन रात्री बंद करत असाल तर ते जमणारच नव्हतं.

बिंदुसरा
एवढी वीज घालवून मिळतं काय? सेटी (परग्रहावरचे संदेश शोधणारा प्रोजेक्ट) तर २०२० मध्येच बंद झालं.

मांजराकाठ
सेटीनं ३१ मार्च २०२० पासून नवीन काम देणं थांबवलं, बाकीचे प्रोजेक्ट चालू आहेत. रोझेटावर प्रथिनांची रचना काढतात. विजेचा वेगळा धागा काढा, तिथं बोलू.

सिंदफणा
केलं. नवीन टास्क ८ तास ५ मिनिटं चालला, सीपीयू टाईम ७ तास ४० मिनिटं. डिस्कचा दिवा शांत. एक राहिलं, दुपारी लाईट जाऊन आली की दोन्ही वेळा मागं सरकतात. तेही मोजणीतलंच का?

गोदाकाठ
नाही, तो चेकपॉइंट. टास्क निवडून प्रॉपर्टीज उघडा, "चेकपॉइंटनंतरचा सीपीयू टाईम" दिसेल. लाईट गेली की तेवढंच काम जातं. प्रेफरन्सेसमध्ये चेकपॉइंटचं अंतर ६० सेकंद असतं, ते कमी करून उपयोग नाही. रोझेटा आपल्या सोयीच्या टप्प्यावरच लिहितो. तासाभरानं लाईट जाणार हे माहीत असेल तर तो आकडा लहान असतानाच मशीन बंद करा.