ग्राहकासोबतच्या पहिल्या स्कोपिंग बैठकीची तयारी कशी करावी?

प्रश्न: स्वतंत्र सॉफ्टवेअर सल्लागार म्हणून माझी पहिली स्कोपिंग बैठक, म्हणजे कामाची व्याप्ती ठरवण्याची बैठक, पुढच्या आठवड्यात भोसरीतील सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात आहे. त्यांना साठा आणि बिलांसाठी प्रणाली हवी आहे. काय तयारी करावी?

उत्तर १: डेमो दाखवण्याची घाई करू नका. मागच्या महिन्यातील एक खरी ऑर्डर निवडून, कच्चा माल आल्यापासून पैसे जमा होईपर्यंत ती कोणाकोणाच्या हातातून आणि कोणत्या वहीतून किंवा एक्सेलमधून जाते, हे मालकांकडून आणि स्टोअरकीपरकडून वेगवेगळे ऐकून घ्या. जॉबवर्कसाठी, म्हणजे दुसऱ्याकडून प्रक्रिया करून घेण्यासाठी, बाहेर पाठवलेला माल सांगायचा राहून जातो, म्हणून त्याची चलने (माल पाठवल्याच्या पावत्या) आवर्जून मागा.

उत्तर २: उलाढाल नक्की विचारा. २०१७-१८ पासून कोणत्याही आर्थिक वर्षात ती ५ कोटींच्या वर गेली असेल, तर व्यावसायिक ग्राहकांच्या बिलांसाठी १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवलेले बिल) बंधनकारक आहे आणि तुमचे काम त्यानुसार वाढते.

उत्तर ३: बैठकीतच किंमत सांगू नका, कितीही आग्रह झाला तरी. दोन दिवसांत लेखी टिपण पाठवा आणि नव्या प्रणालीत भरायची जुनी माहिती कोण तपासून देणार, हे त्यात स्पष्ट लिहा.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. चलनांचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता.