५५ इंची टीव्ही फुकट, शनिवारपर्यंत घेऊन जा

प्रेषक: नगरवाला

नमस्कार मंडळी, ५५ इंची टीव्ही, चालू कंडिशन, रिमोट आहे, स्टँडचा एक स्क्रू नाहीये. पैसे नकोत. शनिवारपर्यंत कोणी नेला तर बरं, नाहीतर रविवारी रस्त्याकडेला कर्बवर ठेवणार.

प्रेषक: पुणेकर काका

अरे चालणारा टीव्ही फुकट? मोठा घेतलास का? की आत काही गडबड आहे, खरं सांग. मला बेसमेंटला हवाच होता.

प्रेषक: नगरवाला

काका, गडबड टीव्हीत नाही, आमच्यात आहे. घरात टीव्ही नकोच असं ठरवलंय, बायकोचं न माझं दोन महिने यावरून चालू होतं. मंडळाच्या या मेल-लिस्टवर बऱ्याच जणांना माहिती नसेल, आम्ही ख्रिस्ती, पणजोबांपासून अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळीतले, म्हणजे चर्चमधले. नगरच्या घरी रात्री जेवणाआधी कौटुंबिक प्रार्थना व्हायचीच, एक शास्त्रपाठ, ना. वा. टिळकांचं एखादं गीत आणि मग आजोबांची लांबलचक प्रार्थना, ज्यात पंतप्रधानांपासून शेजारच्या आजारी म्हशीपर्यंत सगळे यायचे न आम्ही पोरं एक डोळा उघडून भाकरीकडे बघत बसायचो. इथे अमेरिकेत ती प्रार्थना आधी आठवरून नऊवर गेली, मग "हा एपिसोड संपू दे" वर, मग फक्त रविवारी, आणि आता रविवारी फुटबॉल असतं. बंद कोणीच केली नाही हो, सरकत सरकत गेली.

तसं हे आजचं नाही. १९८७ ला रामायण सुरू झालं ते रविवारी सकाळी साडेनऊला, म्हणजे ऐन उपासनेच्या तोंडावर. मी शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या मुलांच्या वर्गात होतो. बाकं रिकामी. पाळकसाहेबांनी पहिल्या रविवारी टीव्हीविरुद्ध कडक उपदेश केला, दुसऱ्या रविवारी त्यांचेच चिरंजीव शेजाऱ्यांच्या ओट्यावर सापडले, तिसऱ्या रविवारपासून उपासना आठला.

प्रेषक: वसईची ताई

दादा, मी कॅथलिक, त्यामुळे माझं जरा वेगळं मत. आमच्याकडे तर टीव्हीला संत आहे! असिसीची संत क्लारा, तेराव्या शतकातली. आजारपणामुळे नाताळच्या रात्री तिला देवळात जाता आलं नाही तर खोलीच्या भिंतीवर तिला सगळी उपासना दिसली न ऐकू आली अशी कथा आहे, त्यावरून १९५८ मध्ये पोप पायस बाराव्यांनी तिला टेलिव्हिजनची आश्रयदाती केलं. लहानपणी मला हे ऐकून हसू यायचं, पण आई खुब्याचं हाड मोडून पडली तेव्हापासून नाही येत. ती रोज सकाळी डोक्यावर पदर घेऊन पलंगावर बसते आणि टीव्हीवर मिस्सा ऐकते. आणि २०२० मध्ये आपण सगळ्यांनी काय केलं? देवळाला कुलूप न फादर स्क्रीनवर.

वसईला आमच्याकडे सातला रोझरी, जपमाळेची प्रार्थना, म्हणजे टीव्ही बंद. पाहुणा आला तरी तोही गुडघ्यावर. घरात टीव्ही होताच की, बंद करणारा बाप होता. तुमच्या घरी बटण कोण दाबणार हा खरा प्रश्न आहे, राग मानू नका.

प्रेषक: पुणेकर काका

आमच्याकडे दिवेलागणीला शुभंकरोती असायची. आता त्या वेळेला मालिकेतली सून दिवा लावते न आमची ही तिला हात जोडते.
टीव्ही माझा धरा. शनिवारी व्हॅन घेऊन येतो.

प्रेषक: एक विद्यार्थी

दादा, मग ख्रिस्ती चॅनेलच लावा ना, बाकी बंद. आणि टीव्ही काढला तरी फोनचं काय?

प्रेषक: नगरवाला

ख्रिस्ती चॅनेल लावून बघितलं बाबा. प्रवचन कमी न खाली फिरणारा देणगीचा फोन नंबर जास्त. जिम बेकरचं नाव तू ऐकलं नसशील, टीव्हीवरचा मोठा उपदेशक, १९८९ मध्ये भाविकांच्या पैशाच्या फसवणुकीत दोषी ठरला.

आम्ही पेनसिल्व्हेनियात लँकेस्टरला गेलो होतो तिथे आमिश लोकांचं, म्हणजे जुन्या साध्या पद्धतीने राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांचं बघून डोक्यात हे शिरलं. त्यांच्या घरात टीव्ही नाही, आणि बऱ्याच ठिकाणी फोन घराबाहेर एका खोपटात, दोनचार घरांत मिळून एक. म्हणजे फोन पाप आहे असं नाही, तो जेवणाच्या टेबलापर्यंत येऊ द्यायचा नाही एवढंच. आणि हे एकेका घराने नाही, सगळ्या मंडळीने मिळून ठरवायचं. मला हे पटलं. आपण एकटे ठरवतो म्हणून टिकत नाही.

फोनबद्दल काय बोलू, ही मेल रात्री पावणेबाराला अंथरुणात फोनवरून लिहितोय.

प्रेषक: वसईची ताई

तेच तर! टीव्हीसमोर निदान चौघं एका सोफ्यावर तरी असतात, फोनवर चौघं चार खोल्यांत. आणि तुमच्या सासूबाई येणारेत ना सहा महिन्यांसाठी? तुम्ही दोघं ऑफिसला, पोरं आल्यावर इंग्लिश बोलणार, बाहेर बर्फ, गाडी त्यांना येत नाही. दिवसभर त्या घरात मराठी कोण बोलणार त्यांच्याशी? विचारलंत का त्यांना?

प्रेषक: नगरवाला

नव्हतं विचारलं. ताईंची मेल बायकोने व्हिडिओ कॉलवर आईंना वाचून दाखवली. आधी म्हणाल्या, माझ्यासाठी तुमचा नेम मोडू नका. मग थोड्या वेळाने, पोरांना कळत नसेल ना रे माझं बोलणं. मग आम्हीच गप्प.

तर हॉलमधून टीव्ही जातोय, पण त्यांच्या खोलीत. आठला त्या बंद करणार न सगळ्यांना प्रार्थनेला हाका मारणार, अशी त्यांनीच अट घातलीये. आमचं कोण ऐकतं, त्यांचं ऐकतील. ऑफर रद्द समजावी. काका, सॉरी.

प्रेषक: पुणेकर काका

अरे व्हॅनचे पैसे भरलेत मी!! रिफंड नाही!

प्रेषक: लिस्ट सांभाळणारा

मंडळी, खरेदी-विक्रीच्या धाग्यावर दहा मेल झाल्या, आता पुरे. काका, शनिवारी व्हॅन आहेच तर मंडळाच्या सतरंज्या न मोठी पातेली स्टोरेजमधून हॉलवर आणाल का? पेट्रोल मंडळाकडून.